भुंगा आणि बाक

झिम्बाब्वेच्या राजधानीनं आपलं नाव एका मजूरवस्तीकडून घेतलं आहे. 1890 मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या लोकांनी इथं छावणी टाकली, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधानांच्या नावावरून तिला सॉल्सबरी म्हटलं गेलं. शहर वाढलं तसे त्याला हमाल, झाडूवाले, स्वयंपाकी लागू लागले; मात्र त्यांचा शेजार गोऱ्यांना नको होता. मग 1907 च्या सुमारास शहराबाहेर त्यांच्यासाठी वेगळी वस्ती काढली. तिचं नाव हरारी. स्वातंत्र्यानंतर, 1982 मध्ये, राजधानीनं सॉल्सबरीला रजा दिली आणि हरारे झाली. वस्तीचं नाव शहरानं घेतलं, वस्ती मबारे म्हणून ओळखली जाऊ लागली.

मबारे म्हणजे मोठा भाजीबाजार, त्याला लागून बसचा अड्डा, आणि एकट्या पुरुष मजुरांसाठी बांधलेल्या जुन्या चाळवजा इमारती. त्यांतल्या एकेका खोलीत आता अख्खी कुटुंबं राहतात. 2005 च्या मे महिन्यात सरकारनं ‘मुराम्बात्स्विना’ नावाची मोहीम काढली. शोना भाषेत त्याचा अर्थ साधारण ‘घाण हटवा’ असा होतो. अनधिकृत झोपड्या, टपऱ्या, मागच्या अंगणात काढलेल्या खोल्या, सगळ्यांवर बुलडोझर फिरले. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार सुमारे 7 लाख लोकांचं घर गेलं, रोजगार गेला किंवा दोन्ही गेलं. मबारे त्या फटक्याच्या ऐन मध्यावर होती.

त्याच वर्षी डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाची एक तरुण रुग्ण गेली. तिनं जीव दिला. तब्येत बिघडल्यावर तिला लगेच रुग्णालयात का आणलं नाही, असं डॉक्टरांनी तिच्या आईला विचारलं. बसभाड्याचे 15 डॉलर नव्हते, असं उत्तर मिळालं. चिबांडांनी हा प्रसंग पुढं अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. सव्वा कोटीच्या देशात तेव्हा जेमतेम डझनभर मानसोपचारतज्ज्ञ होते. रुग्णानं आपल्यापर्यंत यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. ते मबारेच्या दवाखान्यात गेले, तर तिथं उत्तर मिळालं की खोली नाही, पैसा नाही, नर्सही देता येणार नाही. देण्यासारख्या चौदा आज्या होत्या, आणि दवाखान्याबाहेरचं आवार.

या आज्या रस्त्यावरून उचलून आणलेल्या नव्हत्या, हे सांगायला हवं, कारण गोष्ट सांगताना तेवढं नेमकं गळतं. हरारे महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे ‘अम्बुया उतानो’ म्हणजे ‘आरोग्याच्या आज्या’ आधीपासून होत्या. वस्तीत फिरायचं, लसीकरणाची आठवण करायची, क्षयाच्या किंवा एचआयव्हीच्या गोळ्या कोण घेतंय नि कोण टाळतंय यावर नजर ठेवायची, ही त्यांची कामं. एड्सच्या साथीत त्यांच्यापैकी कित्येकींनी घरातलं कुणी ना कुणी गमावलं होतं. कुणाच्या घरात काय शिजतंय, हे डॉक्टरपेक्षा त्यांना आधी कळायचं.

या आज्यांच्या हाती चिबांडांनी जी पद्धत दिली, तिचं नाव समस्या-निराकरण उपचार. ती हरारेत जन्मली नव्हती.

तिचा लिखित आरंभ 1971 मधला. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातले दोन मानसशास्त्रज्ञ, थॉमस डी'झुरिला आणि मार्विन गोल्डफ्रीड, यांनी त्या वर्षी एक लांबलचक लेख लिहिला. माणूस कोलमडतो तो केवळ संकट मोठं असतं म्हणून नाही, तर समोरची अडचण सोडवायची रीत त्याच्याकडे नसते किंवा ऐन वेळी सुचत नाही म्हणूनही, असं त्यांचं म्हणणं होतं. रीत असेल तर ती शिकवताही येईल. त्यांनी पायऱ्या आखून दिल्या: आधी अडचणीकडे पाहण्याची वृत्ती, मग ती नेमक्या शब्दांत मांडणं, मग जितके सुचतील तितके पर्याय, मग निवड, आणि शेवटी जे केलं त्याचा पडताळा.

यातली पर्यायांची पायरी त्यांनी कुठून उचलली, ते पाहण्यासारखं आहे. अलेक्स ऑस्बॉर्न नावाचा जाहिरातवाला होता. बीबीडीओ या अमेरिकन एजन्सीच्या नावातला ‘ओ’ म्हणजे तोच. साबण नि मोटारी विकण्याच्या कल्पना सुचाव्यात म्हणून त्यानं कचेरीत एक शिस्त घातली: आधी सगळं बोलून टाका, कुणाच्याही कल्पनेला लगेच नाक मुरडू नका, संख्या वाढू द्या, निवड नंतर. 1953 च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकातून ही शिस्त जगभर गेली. निराश माणसाला तीच का उपयोगी पडावी, याचं कारण उघड आहे. त्याला पहिला उपाय सुचताक्षणी त्यातली खोट दिसते, दुसरा सुचायच्या आत तो थांबतो. जाहिरातीच्या धंद्यातली ही युक्ती मानसोपचाराला लाभली, हे त्या धंद्याच्या पदरातलं थोडं पुण्य म्हणायला हरकत नाही.

डी'झुरिलांचे विद्यार्थी आर्थर नेझू यांनी 1980 च्या दशकात ही रीत नैराश्याच्या रुग्णांवर तपासली. पण ती विद्यापीठाच्या आवारातून खऱ्या अर्थानं बाहेर पडली ऑक्सफर्डमुळे. तिथं डेनिस गॅथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक साधा प्रश्न पडला होता: गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे ‘झोप येत नाही’ म्हणून येणाऱ्या माणसाला गोळीखेरीज आणखी काय देता येईल? लॉरेन्स मायनर्स-वॉलिस, गॅथ व इतरांनी 1995 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचं उत्तर छापलं. 91 रुग्णांचे तीन गट केले. एकाला समस्या-निराकरणाच्या बैठकी, दुसऱ्याला अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध, तिसऱ्याला औषध म्हणून नुसती खोटी गोळी. बारा आठवड्यांनी बैठकींच्या गटातले 60 टक्के बरे झाले होते, औषधाच्या गटातले 52 टक्के, खोट्या गोळीच्या गटातले 27 टक्के. गट लहान होते, तेव्हा 60 आणि 52 मधल्या फरकावर फार उड्या मारण्यात अर्थ नाही. बोलणं गोळीच्या बरोबरीला उतरलं, एवढं म्हणता येतं. 2000 मध्ये त्याच लोकांचा पुढचा प्रयोग छापून आला. त्यात फॅमिली डॉक्टरनं घेतलेल्या बैठकी आणि नर्सनं घेतलेल्या बैठकी यांच्या निकालात फरक पडला नाही.

म्हणजे या उपचाराची उतरंड पाहा. प्राध्यापकाकडून फॅमिली डॉक्टरकडे, डॉक्टरकडून नर्सकडे. दर वेळी वरच्याला वाटलं की खालच्याला हे झेपणार नाही, आणि दर वेळी ते झेपलं.

खालची पुढची पायरी आफ्रिकेत होती, आणि तिथं जाण्याआधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा होता. 1990 च्या दशकात मेलनी अबास ही ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ हरारेत काम करत होती. तिथल्या बायका दवाखान्यात येऊन ‘डिप्रेशन’ म्हणत नसत. शोनात त्याला सरळ शब्दही नाही. त्या म्हणत ‘कुफुंगिसिसा’. अर्थ: फार विचार करणं. मराठीत डोक्याला भुंगा लागतो, तेच. विचार फार झाले की झोप जाते, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, पोट दुखतं, आणि मग माणूस दवाखाना गाठतो, असा त्यांचा हिशेब. आजाराचं नाव आणि आजाराचं कारण एकाच शब्दात. अबास आणि जेरमी ब्रॉडहेड यांनी हरारेच्या एका वस्तीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा वर्षभरात नैराश्य किंवा चिंताविकार होऊन गेलेल्यांचं प्रमाण 30 टक्क्यांच्या वर निघालं. त्यांनी दवाखान्यातल्या नर्सेससाठी कुफुंगिसिसा याच शब्दापासून सुरुवात करणारी उपचाराची रीत बसवली.

त्याच सुमारास हरारेत एक मुंबईकर येऊन पोचला. विक्रम पटेल, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, तिथून ऑक्सफर्डला गेलेले. 1993 ते 1995 या काळात त्यांनी नर्सेसना, पारंपरिक वैद्यांना, चर्चमधल्या भाकीत सांगणाऱ्यांना आणि रुग्णांना एकच विचारलं: तुम्ही याला काय म्हणता? त्या उत्तरांतून चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली. गेल्या आठवड्यात फार विचार येत होते का? क्षुल्लक गोष्टीवरून चिडलात का? पोटात दुखलं का? झोप उडाली का? जीव द्यावासा वाटला का? तपासणाऱ्याच्या पुस्तकातली भाषा तिच्यात नाही, तपासून घ्यायला आलेल्याची आहे. पुढं 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या परिशिष्टात कुफुंगिसिसा हा शब्द मानानं छापला गेला.

आता पुन्हा मबारेत. 2006 साली दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवला गेला. चिबांडांनी त्याला नाव दिलं ‘मानसिक आरोग्याचा बाक’. आज्यांनी ते ऐकलं आणि सांगितलं की या नावाच्या बाकावर कुणी बसणार नाही. वेड्यांचा बाक म्हणतील. मैत्रीचा बाक म्हणा. नाव बदललं. पायऱ्यांची नावंही आज्यांच्या बोलीतली झाली: आधी ‘कुवुरा फुंग्वा’, मन उघडणं, मग ‘कुसिमुदझिरा’, उभारी देणं, मग ‘कुसिंबिसा’, बळ देणं. स्टोनी ब्रूकच्या पायऱ्या त्या बोलीत बेमालूम बसल्या.

बाकावर काय घडतं, ते एका नमुन्यावरून पाहू. बाई कल्पनेतली आहे, रीत खरी. मबारेच्या बाजारात टोमॅटो विकणारी बाई. नवरा सोडून गेलेला, स्वतःच्या एचआयव्हीच्या गोळ्या चालू, घरमालक दारात, पोराची फी थकलेली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चौदा प्रश्नांत नऊ किंवा अधिक ‘हो’ आले म्हणून नर्सनं तिला बाकाकडे पाठवलं. ती सगळं एका दमात सांगते. अम्बुया मध्ये बोलत नाही. सांगून झाल्यावर विचारते: यातलं आधी कुठलं धरायचं? बाई म्हणते, सगळंच. अम्बुया थांबते. बऱ्याच वेळानं बाई म्हणते, फी.

फी म्हणजे नेमकं काय? फी भरेपर्यंत पोराला वर्गात बसू देत नाहीत, हे. मग पर्याय. हेडमास्तरांकडे हप्ते मागता येतील. दिराकडे मागता येतील. मुकांडोतून उचल घेता येईल. मुकांडो म्हणजे आपली भिशी. गावाकडची शेळी विकता येईल. पोराला वर्षभर घरी ठेवता येईल. शेवटचा पर्याय ऐकून अम्बुयाच्या कपाळावर आठी येत नाही. तोही यादीत जातो. मग एकेकाचं नफा-नुकसान. बाई हेडमास्तर निवडते. कधी? शुक्रवारी. शुक्रवारी किती वाजता? टोमॅटो उतरवून झाल्यावर, आठला. हातगाडीवर कोण बसेल? शेजारीण. पुढच्या खेपेला ती परत येते आणि सांगते की हेडमास्तर जागेवर नव्हते. नवख्या समुपदेशकाचा इथं धीर सुटतो. अम्बुया विचारते, मग आता? आणि यादी पुन्हा निघते.

आपल्याकडे हे वाचून कुणी म्हणेल, यात नवीन ते काय, गावचा पार हेच तर करतो. नाही करत. पारावर प्रत्येकाच्या खिशात सल्ला तयार असतो, आणि बाईमाणसाला तिथं बसायला जागा नसते. तिथं बोललेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. बाकावरच्या आजीला सगळ्यात जास्त शिकावं लागतं ते सल्ला गिळायला. फी कशी भरायची हे तिला ठाऊक असलं तरी ते बाईच्याच तोंडून यायला हवं, कारण घरमालकाच्या वेळी आजी सोबत असणार नाही. वयानं, अनुभवानं सांगण्याचा हक्क मिळवलेल्या बाईनं न सांगणं, ही या सगळ्यातली अवघड कला आहे.

पुढची वर्षं झिम्बाब्वेला कठीण गेली. 2008 मध्ये महागाई अशी भडकली की पुढच्या जानेवारीत शंभर लाख कोटींची एकच नोट छापावी लागली. त्यातच पटकीची साथ आली. बाक टिकला. सहा बैठकींनंतर बायकांना एका मंडळात बोलावलं जाई. तिथं प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणता विणता गप्पा होत आणि पिशव्या विकून चार पैसेही मिळत. मंडळाचं नाव ‘कुबताना तोसे’, एकमेकींचे हात धरून.

वैद्यकीय जगाला मात्र गोष्टी पुरत नाहीत, आकडे लागतात. ते 2016 च्या डिसेंबरात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. हरारेतले 24 दवाखाने, 573 रुग्ण. निम्म्या दवाखान्यांत बाक, उरलेल्यांत नर्सची तपासणी, माहिती आणि गरजेनुसार औषध. सहा महिन्यांनी चौदा प्रश्नांतले सरासरी गुण बाकाच्या गटात 3.81 होते, दुसऱ्या गटात 8.90. नैराश्याची लक्षणं बाकाच्या गटात 13.7 टक्क्यांत उरली, दुसऱ्या गटात 49.9 टक्क्यांत. यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांना एचआयव्ही होता. मेलनी अबास या लेखाच्या सहलेखिका होत्या. पुढं बाक मलावीला गेला, झांझिबारला गेला, न्यूयॉर्कला गेला. 2022 च्या फुटबॉल विश्वचषकात दोह्यात 32 बाक मांडले गेले, प्रत्येक संघाच्या नावाचा एक. हा भाग थोडा जत्रेसारखा वाटतो. मबारेतल्या एखाद्या अम्बुयाला तिथं बसवलं असतं तर गोष्ट वेगळी.

हरारेतून परतलेल्या पटेलांनी 1996 मध्ये गोव्यात सहकाऱ्यांसह ‘संगाथ’ ही संस्था उभारली. तिथला पहिला मोठा धडा अपयशाचा होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. गोव्यातल्या दोन जिल्हा रुग्णालयांत 450 रुग्णांवर केलेला प्रयोग 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. फ्लुओक्सेटिन दोन महिन्यांपुरतं उपयोगी ठरलं. मानसोपचाराच्या बैठकी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. रोजंदारी बुडवून कुणी सहा वेळा जिल्हा रुग्णालयात बोलायला येईल, ही अपेक्षा पुन्हा त्या 15 डॉलरांच्या बसभाड्याजवळ येऊन थांबते.

पुढच्या प्रयोगात, म्हणजे ‘मानस’मध्ये, माणूस बदलला. स्थानिक बायकांना दोनेक महिने शिकवून 24 दवाखान्यांत बसवलं, बारा सरकारी आणि बारा खासगी. त्यांच्या बोलण्यात ‘डिप्रेशन’ नव्हतं, ‘टेन्शन’ होतं. गोव्यापासून गोंदियापर्यंत हा शब्द सगळ्यांना कळतो. 2010 मध्ये निकाल आला: सरकारी दवाखान्यांत 65.9 टक्के रुग्ण बरे झाले, नेहमीच्या उपचारांत 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत फरक दिसला नाही. ‘संगाथ’नं नंतर समस्या-निराकरणाची रीत दिल्लीच्या सरकारी शाळांत नेली. तिथं 250 मुलांवरच्या प्रयोगात चित्रपुस्तिका आणि चार-पाच छोट्या बैठकी यांमुळे मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींचा जाच कमी झाला. आजाराच्या लक्षणांवर मात्र सुरुवातीला तेवढा परिणाम दिसला नाही. रीतीच्या मर्यादेची ही प्रामाणिक नोंद आहे.

विदर्भात प्रश्न आणखी जड होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघर जात, समुपदेशक बैठकी घेत, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेत. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं 5.2 वरून 2.5 वर आलं. कर्ज माफ करणं, कापसाला भाव देणं हे कुठल्याही बाकाचं काम नाही, आणि बाक आहे म्हणून ते काम सरकारच्या गळ्यातून उतरतही नाही. कर्जाच्या ढिगातून आज कोणता कागद आधी उचलायचा, हे ठरवायला बाक मदत करतो.

आता ही उतरंड आशा कार्यकर्तीपर्यंत आली आहे. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात नैराश्यावरच्या साध्या बैठकी कशा घ्यायच्या, याचं शिक्षण आशांना मोबाइलवरून देऊन पाहिलं गेलं. आशा म्हणजे आपली अम्बुया उतानो: लसीकरण, बाळंतपण, क्षयाच्या गोळ्या, घराघरातली खबर. महाराष्ट्रात त्या हजारोंनी आहेत, वस्ती त्यांना ओळखते, आणि भुंगा लागलेलं माणूस त्यांच्याशीच आधी बोलेल. हरारेत जमलं ते इथं न जमण्याचं कारण दिसत नाही. फक्त मबारेतल्या आज्यांचं नाव आणि काम महापालिकेच्या खात्यात आधीपासून होतं, आणि आशांना सरकारदरबारी अजून ‘स्वयंसेविका’च म्हटलं जातं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांना जागतिक पुरस्कार दिला. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशा कबूल केलेल्या मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून मुंबईच्या आझाद मैदानात बसून होत्या.